दोन नंबरचा रूळ

तुर्सिनानं आधी अक्षर ओळखलं आणि मग ते वाचलं. मध्ये फार तर दोन-तीन क्षण गेले असतील, पण तेवढ्यात तिला चक्क बरं वाटलं. परक्या गर्दीत अवचित घरचं माणूस दिसावं तसं. सकाळचे सहा वाजायला आले होते. जकार्ताजवळच्या चिसेरे स्टेशनाच्या जुन्या वेटिंगरूममध्ये रविवारी फीत कापून प्रदर्शन उघडलं होतं. भिंतीवर डच काळातले फोटो, एक पितळी घंटा, हातानं दाबून तारीख उमटवायचं तिकिटांचं यंत्र, आणि मधोमध काचेच्या पेटीत उघडी ठेवलेली एक लांबडी वही. तिची रोजची सोबतीण यायुक फाटकाशी कार्ड घासत होती आणि मशीन काही ते घेत नव्हतं, म्हणून तुर्सिना नुसती वेळ काढायला काचेवर वाकली. पिवळं पडलेलं पान, जांभळी शाई, आणि एका ओळीच्या शेवटी दोनचा आकडा. त्या दोनच्या पायाशी बारीकशी गाठ मारलेली, दोऱ्याचं टोक सुटू नये म्हणून मारतात तशी. असा दोन काढणारा एकच माणूस तिला ठाऊक होता. घरी विजेच्या मीटरशेजारच्या पाटीवर, मुलांच्या जुन्या वह्यांवर, औषधाच्या बाटल्यांवर, सगळीकडं हाच गाठीचा दोन होता. पस्तीस-छत्तीस वर्षं ती त्या आकड्यासोबत राहत आली होती. अरे, हे तर आमच्या ह्यांचं अक्षर, असं मनातल्या मनात म्हणून ती हसलीसुद्धा. आणि मग तिनं पानाच्या डोक्यावरची तारीख वाचली. बारा सप्टेंबर एकोणीसशे सत्त्याहत्तर, सोमवार.

ती तारीख वाचायला तिला वही लागत नव्हती. ईद तीन दिवसांवर आली होती, आणि त्या पहाटे पश्चिमेकडून आलेली मालगाडी चिसेरे स्टेशनात चुकीच्या रुळावर शिरून उभ्या लोकलवर आदळली होती. अकरा माणसं गेली. लोकलमध्ये गिरणीतल्या बायका होत्या, बाजाराला निघालेले भाजीवाले होते, आणि ईदचे नवे कपडे आणायला जकार्ताला निघालेलं एक कुटुंब होतं. सांधा बदलणारा माणूस होता सार्कावी, तुर्सिनाचा बाप. चौकशीत तो पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच वाक्य बोलला: मला फोनवर दोन नंबर सांगितला. स्टेशनातल्या लोकांनी सांगितलं, आम्ही एक सांगितला. हुकूम लिहायची वही त्या गोंधळात हरवली होती. सार्कावीला तीन वर्षांची सजा झाली.

तुर्सिनानं काचेवर दोन्ही हात टेकले आणि ओळी वाचल्या. ५.४१, लोकल दोन नंबरवर उभी. ५.४७, पश्चिम केबिनला फोनवरून हुकूम दिला: मालगाडी घ्यावी, रूळ नंबर २. पुढं सही. नाव नाही, नुसता एक वळसा आणि खाली ओढलेली शेपटी. ही शेपटी तिच्या दोन्ही मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर होती. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यावर होती.

"बू तुर्सिना! दाढ दुखतेय का अजून?"

मागं डॉक्टर विर्यावान उभे होते. बाजारपेठेतले दातांचे डॉक्टर, बायकांना आदरानं बू आणि पुरुषांना पाक म्हणणारे. पंधरा वर्षांपूर्वी बांडुंगहून इथं आले आणि दातांपेक्षा जुन्या इंजिनांत जास्त रमले. प्रदर्शन त्यांनीच मांडलं होतं. रोज दवाखाना उघडण्याआधी स्टेशनात चक्कर मारून, किती लोक थांबले, किती नुसते पुढं गेले, ते बघत.

"नाही दुखत."

"मग अशा काय उभ्या आहात, मी हातात पकड घेऊन आल्यासारख्या?" ते हसले आणि लगेच पेटीपाशी आले; त्यांना सांगितल्यावाचून राहवतच नव्हतं. "वाचलंत ना? बेचाळीस वर्षं ही वही गायब होती. आणि सापडली कुठं म्हणाल तर इथंच! तिकीटघराची लाकडी भिंत काढली, तर फळीच्या आड, मेणकापडात गुंडाळून, वर सुतळी बांधून. हरवली म्हणे! हरवलेली वस्तू कधी सुतळी बांधून हरवते का? कुणीतरी लपवली, पण जाळली नाही. माझं तर म्हणणं आहे, रेल्वेचाच माणूस असणार. रेल्वेच्या माणसाच्यानं रेल्वेची वही जाळवत नाही." त्यांनी आवाज उतरवला. "आणि तो बिचारा सांधेवाला, सार्कावी का कोण. म्हणत होता तेच खरं निघालं बघा. दोनच सांगितला होता. निष्पाप माणूस तुरुंगात गेला."

निष्पाप. हा शब्द ऐकायला तिची आई आयुष्यभर थांबली होती, तिचे भाऊ थांबले होते, ती स्वतः थांबली होती. आणि आता तो एका दातांच्या डॉक्टरच्या तोंडून पहाटेच्या घाईत सहज पडला, तर तिला तो नीट हातात धरताही येईना. कारण त्याच ओळीच्या शेवटी तो गाठीचा दोन होता.

"सही कुणाची ते मात्र लागत नाही," डॉक्टर म्हणत होते. "त्या वेळचे बहुतेक सगळे गेले. अहो, तुमचे पाक सुहादी रेल्वेतच होते ना? त्यांना आणा की एकदा. जुन्या माणसाला एका नजरेत कळेल."

"तुर! अगं ए तुर!" फाटकापलीकडून यायुक ओरडली. तिचं कार्ड एकदाचं लागलं होतं. "गाडी आली! बायकांचा डबा पुढं जातोय, तुला काय पालखी पाठवू?"

तुर्सिना हलली नाही. गाडी आली, दारं उघडली, दारं मिटली, यायुकनं काचेतून हातवारे करून तिला बऱ्याच शिव्या दिल्या, आणि गाडी जकार्तातल्या तानाह आबांगच्या दिशेनं निघून गेली. एकवीस वर्षांत ईद आणि आजारपणं सोडून तुर्सिनाची ही गाडी चुकली नव्हती. तिथल्या कापडबाजाराच्या तिसऱ्या मजल्यावर ती नमाजाची पांढरी वस्त्रं बेतायची. चाळीस थरांचं कापड एकावर एक रचून एका फटक्यात कापायची. पहिला काप चुकला तर चाळीसही झगे वाया, म्हणून तिचा मालक तिच्याशिवाय कुणाला ते यंत्र धरू देत नसे. ती फलाटावरच्या बाकावर बसली. स्टीलचं बाक रात्रभराच्या गारव्यानं थंडगार होतं आणि ती थंडी सावकाश तिच्या मांड्यांत चढली.

हे स्टेशन तिला तळहातासारखं माहीत होतं. डचांनी ते नारळ आणि रबर वाहून न्यायला बांधलं. तेव्हाचे सागवानी खांब अजून उभे होते. त्यांवर दर तीन-चार वर्षांनी नवा रंग चढे आणि जुना पोपडा आतून उगवून येई. युद्धात जपानी लोकांनी एक रूळ उखडून कुठल्या तरी जंगलात नेला, तो पुढं पुष्कळ वर्षांनी परत टाकला गेला, तोच दोन नंबरचा. तिच्या लहानपणी फलाटावर बाजार भरायचा. तिची आई याच खांबाखाली केळीच्या पानावर भात आणि शेंगदाण्याची चटणी विकायची. गाडी थांबली की खिडक्यांतून हात बाहेर येत आणि आई एकाच वेळी पाच हातांना वाढी. बाप पश्चिमेच्या टोकाला, सांध्याशेजारच्या पत्र्याच्या केबिनीत. ती डबा घेऊन रुळांच्या कडेनं चालत जायची आणि तो लांबूनच ओरडायचा, "खडीवरनं ये, रुळावरनं नको! गाडीला काय ठाऊक तू माझी लेक आहेस ते?" केबिनीत भिंतीला काळा जडशीळ फोन होता. कधी तो वाजायचा आणि बाप त्यात बोलायचा, तेव्हा त्याचा आवाज बदलायचा. ताठ, शाळेत धडा म्हणावा तसा. ऐकलेला आकडा तो मोठ्यानं परत म्हणायचा, मगच सांध्याच्या दांड्याला हात लावायचा. एक. दोन. एक. तिला तो खेळ वाटायचा.

म्हणजे त्या दिवशीही त्यानं तो आकडा परत म्हटला असणार. हा विचार आला आणि ती बाकाची कड घट्ट धरून बसली. बापानं 'दोन' असं परत म्हटलं असणार, आणि पलीकडच्या माणसानं 'हो' म्हटलं असणार. पलीकडे सुहादी होता, बावीस वर्षांचा, नोकरीला लागून सात महिने झालेला. रमझानचे दिवस, पहाटेचं खाणं खाऊन रात्रभराच्या जागरणानंतर टेबलाशी बसलेला. सहा मिनिटांपूर्वी त्यानंच आपल्या हातानं लिहिलं होतं की लोकल दोन नंबरवर उभी आहे. झोपेत लिहिलं? दोनचा आकडा नुसता डोक्यात घुमत राहिला? तिला त्याची बाजू सुचत होती, आणि आपल्याला ती इतक्या सहज सुचतेय याचाच तिला धक्का बसला. छत्तीस वर्षांची सवय. त्याच्या वतीनं मुलांशी, शेजाऱ्यांशी, व्याह्यांशी बोलायची.

मग एकेक गोष्ट जागची हलायला लागली. सुहादी घरात फोन उचलत नसे. पहिल्यांदा घरी फोन आला तेव्हापासून, आणि आता मोबाइल आला तरी, वाजला की तो तिच्याकडं सरकवायचा. "तू बघ गं." मुलं हसायची, आयुष्य स्टेशनात काढलं आणि फोनला घाबरतात. लग्नाच्या वेळी रजिस्टरवर सही करताना त्याचा हात इतका कापला होता की काझीनं दुसरं पान घेतलं. पाहुणे म्हणाले, नवरी देखणी आहे, होतं असं. बाप सुटून आल्यावर वर्षभरच जगला, छाती पोखरली होती. त्या वर्षातही, बाप आत असतानाच्या तीन वर्षांसारखाच, सुहादी दर पंधरवड्याला यायचा, कधी तांदूळ, कधी खोबरेल, कधी भावांना चपला. गावानं तेव्हा त्यांच्या घराला वाळीतच टाकलं होतं. आईकडून कुणी भात घेत नव्हतं. शाळेत बाकावर तिच्याशेजारी कुणी बसत नव्हतं. गिरणीतल्या बायकांच्या नातलगांनी एकदा दारावर दगड टाकले होते, आणि त्यांना तरी काय म्हणायचं, त्यांच्या घरची माणसं गेली होती. रेल्वेचा एकच माणूस त्या घराची पायरी चढायचा. देवमाणूस आहे, असं ती तेव्हा मनात म्हणायची. बाप त्याला बघून फक्त "बस" म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. आजारी माणूस, बोलवत नसेल, असं तिला वाटायचं.

पण बापानं फोनवरचा आवाज ओळखला असणारच की. रोजचा आवाज.

ती उठली. रोजच्या वाटेनं, नव्या उड्डाणपुलाखालून, पाववाल्याच्या दुकानावरून घरी आली. कशी आली ते तिला आठवत नव्हतं. ओट्यावर तिची आई, माक इचीह, पापडांसाठी मेलिंजोच्या झाडाच्या बिया सोलत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण हात अजून पाच गिऱ्हाइकांना वाढणाऱ्या बाईचेच. आईनं वर बघितलं. "का गं? बाजार जळाला का?"

"ते कुठं आहेत?"

"कबुतरांना घेऊन मशिदीमागं गेलेत. ती खोपटी बांधतायत ना सगळे म्हातारे मिळून. तू घरी कशी?"

तुर्सिना पायरीवर बसली. आईला कसं सांगायचं? आईला धक्का बसेल, रक्तदाब आहे, औषध दिलंय का सकाळचं, असले सगळे विचार एकदम आले. मग तिनं सरळ सांगून टाकलं. "एमाक, वही सापडली. स्टेशनात. बाबा खरं बोलत होते. फोनवर दोनच सांगितला होता."

आईचे हात थांबले नाहीत. एक बी सोलली, टोपलीत टाकली. दुसरी घेतली.

"आणि एमाक, ते अक्षर…"

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

तुर्सिनाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आईला हल्ली कमी ऐकू यायचं. तिनं काहीतरी भलतंच ऐकून उत्तर दिलं असेल. "काय ठाऊक आहे?"

"अक्षर कुणाचं ते." आईनं टोपली बाजूला ठेवली. "तुझ्या बापाला घेऊन गेले त्याला महिना झाला होता. तो पोरगा आला. तू शाळेत होतीस. तू बसलीयस ना, तिथंच बसला आणि सगळं बोलला. स्टेशनमास्तरनं दम दिला होता म्हणे, तोंड उघडलंस तर दोघंही आत जाल, त्या सांधेवाल्याची सजा तर आता चुकणार नाहीच. मी त्याला मारलं. हातानं मारलं, मग केरसुणीनं मारलं. तो काही उठला नाही. मारून माझा हात दुखला तेव्हा म्हणाला, मी आता पोलिसांत जाऊ का, तुम्ही सांगा."

"मग?"

"मग काय! मी तुरुंगात तुझ्या बापाला भेटायला गेले. त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला आवाज ठाऊकच आहे, तू कशाला नवं सांगतेस? म्हणाला, तो आत आला तर मी बाहेर येणार नाही, आमचे दोघांचेही दिवस जातील. बाहेर राहिला तर निदान तुमच्या चुलीकडं बघेल. येतोय तोवर येऊ दे. यायचा थांबला तर समज विसरला, मग जा पोलिसांत." आईनं पदरानं तोंड पुसलं. "तो काही थांबला नाही. मी वाट बघत होते हं. दर पंधरवड्याला मनात म्हणायचे, आज येऊ नकोस, आज चुकव एकदा. नाही चुकवलं त्यानं."

"आणि मला दिलीत त्याला? सगळं माहीत असून?"

"तूच म्हणालीस की. आठव. भाऊ नको म्हणत होता, बारका पगार म्हणून. तू जेवण टाकून बसली होतीस दोन दिवस." आईचा आवाज चढला. "काय सांगणार होते मी तुला? वीस वर्षांची पोर, पहिल्यांदा घरात हसत होतीस. सहा वर्षांत पहिल्यांदा! ते हसू मी माझ्या हातानं बंद करू?"

"माझ्या बापाचं नाव, एमाक…"

"तुझ्या बापानंच टाकलं ते नाव, पोरी. तुमच्या ताटात टाकलं. ते तुम्ही जेवलात."

एका सकाळीत माणसाला नवरा परका होतो हे तिला कळलं असतं. तसं घडतं लोकांच्या घरी, यायुकच्या बहिणीच्या घरी घडलं होतं. पण आई? आणि तो भिंतीकडं तोंड केलेला बाप? तिघांनी मिळून तिच्याभोवती एक घर बांधलं होतं आणि ती त्यात बिनधास्त झोपली होती, तिथंच तिची मुलं झाली, तिथंच ती पन्नाशी ओलांडून गेली. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं अजूनही तिच्याकडं वळून बघितलं की ती मान खाली घालायची. त्या घरात बेचाळीस वर्षं मान खाली घालायची ती एकटीच होती. बाकीच्या तिघांना खरं काय ते माहीत होतं, त्यांना कशाची लाज? तिला एकाएकी त्या बाकावरचा थंडपणा परत मांड्यांत जाणवला, आणि त्याबरोबर शाळेतलं ते लांबच लांब रिकामं बाक. मला निदान एवढं सांगायचं होतं, तिला वाटलं. चौदा वर्षांच्या मला, कानात, एकदा.

सुहादी साडेनऊच्या सुमाराला आला. एका हातात खिळ्यांचा डबा, खांद्यावर टॉवेल. उन्हानं रापलेला, चौसष्ट वर्षांचा, अजून ताठ चालणारा. अंगणात तिला बघून तो जागीच थांबला. तिच्या पायांत कामावरच्या चपला होत्या. त्याची नजर चपलांवरून आईच्या तोंडाकडं गेली. मग त्यानं खिळ्यांचा डबा जपून, आवाज होऊ न देता, ओट्यावर ठेवला.

"भिंत काढली म्हणत होते," तो म्हणाला. "मला वाटलंच."

तिनं वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही उरलं नव्हतं. "जाळली का नाहीत?"

"दोनदा काडी लावायला गेलो," तो म्हणाला. "नाही जमलं."

"आणि बाहेरही काढली नाहीत."

"तेही नाही जमलं."

"मला का मागणी घातलीत? फेडायला?"

सुहादी ओट्याच्या कडेला टेकला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे आजवर ती सगळ्यांना सांगत आली होती, आणि आता त्याच्या तोंडाकडं बघताना तिला कळलं की ती हे खरंच सांगत होती. त्यानं तिला कधी काही विचारल्यावर खोटं सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं. "आधी तुला घाबरायचो," तो म्हणाला. "दार तू उघडायचीस. तुझे डोळे अगदी पाक सार्कावींचे. तांदूळ ठेवून पळायचो. मग एकदा तू म्हणालीस, चहा तरी घ्या. त्या दिवसापासून मला… मला माहीत नाही गं तुर, कुठं फेडणं संपलं आणि कुठं दुसरं सुरू झालं. मी पुष्कळदा शोधलं. सापडत नाही."

"कांग," ती म्हणाली. रोजची हाक तिच्या तोंडून निघाली, आणि तिचा तिलाच संताप आला. "चला माझ्याबरोबर."

"कुठं?"

"त्या डॉक्टरला सहीचा माणूस हवाय."

आई म्हणाली, "तुर्सिना, पुरे आता. म्हातारा माणूस आहे." पण सुहादीनं खांद्यावरचा टॉवेल काढून दोरीवर टाकला, आतून स्वच्छ शर्ट घालून आला, आणि चपला चढवल्या. ती पुढं, तो दोन पावलं मागं. पाववाला म्हणाला, "काय पाक, आज जोडीनं?" सुहादीनं त्याला हात केला. इतकी वर्षं ती याच रस्त्यानं त्याच्या बरोबरीनं चालली होती, त्याच्या चालण्याचा आवाज तिला न बघता कळायचा, आणि आताही कळत होता. तेच तिला सहन होत नव्हतं.

डॉक्टर अजून तिथंच होते. दवाखाना राहिला होता, कुठल्याशा शाळेची सहल आली होती आणि ते मुलींना पितळी घंटा वाजवून दाखवत होते. सुहादीला बघून ते धावतच आले. "आणलंत! बू, तुम्ही म्हणजे कमाल केलीत. पाक सुहादी, या, या, जरा ही सही बघा. कुणाची असेल?"

सुहादी काचेवर वाकला. "माझी," तो म्हणाला.

"तुमची?" डॉक्टरांचा चेहरा उजळला. पहिल्या क्षणी त्यांना फक्त कोडं सुटल्याचा आनंद झाला. त्याचा अर्थ अजून त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "थांबा, थांबा. असेच उभे राहा, वहीशेजारी. बू, तुम्हीही या. जवळ उभ्या राहा ना, लाजताय काय! हा फोटो आपण इथंच भिंतीवर लावू."

तुर्सिना पेटीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. मध्ये काच, काचेत ते पान. मोबाइलच्या भिंगाकडं बघत ती म्हणाली, "डॉक्टर, फोटोखाली नावं लिहाल ना? मग नीट लिहून घ्या. डावीकडं सुहादी, ज्यानं फोनवर दोन नंबर सांगितला. उजवीकडं तुर्सिना, सांधेवाल्या सार्कावीची मुलगी."

डॉक्टरांचा हात सावकाश खाली आला. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि मोबाइल खिशात टाकला. बापाचं नाव स्टेशनात मोठ्यानं उच्चारलं होतं, तिनं, सगळ्यांच्या समोर. तिचं अंग आपोआप आक्रसून आलं. आता माना वळतील, आता कुणीतरी कुजबुजेल. माना वळल्याही. घंटेपाशी उभ्या असलेल्या मुली, तिकिटाच्या रांगेतला एक माणूस, झाडूवाली. पण त्यांच्या चेहऱ्यांवर काहीच नव्हतं. एका मुलीनं मैत्रिणीला कोपरानं ढोसून विचारलं, "सार्कावी कोण?" मैत्रिणीनं खांदे उडवले. रांगेतला माणूस पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला.

कुणाला माहीतच नव्हतं. गिरणीतल्या बायकांची माणसं कधीच गाव सोडून गेली होती, दगड टाकणारे मातीत गेले होते, गावात आता जकार्ताहून आलेली नवी वस्ती होती. तिनं काचेच्या पेटीची कड धरली. मग आपण कुणापासून तोंड लपवत होतो इतकी वर्षं? तिनं त्या मुलीला सांगायला तोंड उघडलं, सार्कावी म्हणजे…

"हिचा बाप," शेजारून सुहादी त्या मुलीला म्हणाला. "इथं सांधेवाला होता. त्यानं काहीही चुकीचं केलं नव्हतं. चूक माझी होती."

त्याचा आवाज खाली होता, पण अक्षर न् अक्षर सुटं, नोकरीत असताना गाड्यांच्या घोषणा करायचा तसं. हे वाक्य तुर्सिनाला हवं होतं. कुणाच्याही तोंडून चाललं असतं, गावातल्या कुठल्याही माणसाच्या, अगदी शत्रूच्यासुद्धा. फक्त या तोंडून यायला नको होतं. ती त्याच्यापासून एक पाऊल सरकली. बाहेर एक नंबरवर गाडी येत असल्याची घोषणा सुरू झाली, आणि त्या घोषणेत त्याचे शेवटचे शब्द बुडाले. ती मुलगी पुढं झुकली आणि म्हणाली, "काय म्हणालात आजोबा? ऐकू नाही आलं."

सुहादीनं तुर्सिनाकडं बघितलं. तिनं बघितलं नाही. ती समोर, येणाऱ्या गाडीच्या दिव्याकडं बघत होती.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली.